पालकसभा क्रुसापाशी



वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी चार वर्षे शिकले आणि पुढे सदतीस वर्षे शिकवले. शाळा चर्चच्या आवारातली. एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला दफनभूमी, मध्ये एक जुनी चिंच आणि चिंचेखाली आम्ही. कॅथलिक शाळा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर टाय लावलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुले येतात. आमच्याकडे तसे काही नव्हते. फादरांचे प्रवचन मराठी, सिस्टरांचे रागावणे मराठी आणि गृहपाठ न केल्याची कारणेही मराठीच. आम्हाला त्यात नवल वाटत नसे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. आमच्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा बाहेरच्यांना आश्चर्य वाटले. आम्हाला आनंद झाला, आश्चर्य वाटले नाही.

आज मला बोलायचे आहे ते अशा शाळेच्या आणि घराच्या नात्याविषयी. परिपत्रकात ज्याला ‘पालकांचा सहभाग’ म्हणतात, त्याविषयी. मी शाळेत गेले ते १९६४ साली. तेव्हा हा शब्द कोणी ऐकलाही नव्हता. पालकसभा नव्हती, पालक-शिक्षक संघ नव्हता. पण मे महिन्यात शाळेवरची कौले चाळायची वेळ आली की गावातले बाप्ये आपणहून शिडी घेऊन येत. कोणी बांबू देई, कोणी दोन दिवसांचे अंगमेहनतीचे काम देई. नाताळच्या कार्यक्रमाला लागणारी केळीची पाने कुठल्या वाडीतून येणार हे ठरलेले असे. धर्मग्रामाचे मुख्य धर्मगुरू हेच शाळेचे व्यवस्थापक. त्यामुळे शाळेचे छप्पर गळाले तर ते रविवारी वेदीवरून सांगितले जाई आणि सोमवारी माणसे हजर होत.

शिक्षकांची आणि आईबापांची गाठ पडे ती क्रुसापाशी. देशावर जसा गावाचा पार, तसा आमच्याकडे आळीआळीत एक क्रूस असतो. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात संध्याकाळी तिथे जपमाळेची प्रार्थना होते. प्रार्थना आटोपली की उकडलेले चणे वाटतात. आता गंमत पाहा. वार्षिक परीक्षेचा निकाल १ मे रोजी लागायचा आणि सहामाही परीक्षा ऑक्टोबरच्या सुमारास व्हायची. म्हणजे दोन्ही परीक्षांनंतरचा अख्खा महिना बाई आणि आया रोज संध्याकाळी एकाच क्रुसापुढे गुडघे टेकून असत. चणे खाता खाता आई विचारी, ‘बाई, आमच्या पोराचे गणित कसे काय?’ आणि बाई सांगत. पोरगा जवळच उभा असे. त्याला पळायला जागा नसे.

शाळेतूनही घरात पुष्कळ काही जाई. आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि त्यानंतर उपासना मराठीत सुरू झाली. नवी मराठी गीते आम्ही आधी शाळेत शिकलो आणि घरी जाऊन आजीला शिकवली. घरात आम्ही सामवेदी बोली बोलत असू, तिला कोणी कादोडी म्हणतात. त्यामुळे शाळेतली मराठी आजीला थोडी पाहुण्यासारखीच वाटे. तरी ती बिचारी चुलीपुढे बसून आमच्यामागून ओळी म्हणायची.

हे सगळे ऐकताना फार गोड वाटते. सांगतानाही वाटते. पण ती जवळीक सगळ्यांची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. कोणाचा बाप दारू पितो, कोणाचे कर्ज थकले आहे हे साऱ्या आळीला ठाऊक असे आणि त्या घरच्या मुलाला वर्गात ते ऐकावे लागे. आणि वाड्यांवर राबणारी जी आदिवासी कुटुंबे होती, त्यांच्या झोपड्या वाडीच्या टोकाला, बावखलाच्या पलीकडे असत. बावखल म्हणजे आमच्याकडचे गोड्या पाण्याचे तळे. त्या झोपड्यांतले कोणी आमच्या क्रुसापाशी आल्याचे मला आठवत नाही. त्यांची मुले शाळेतही क्वचितच दिसत. तेव्हा आम्हाला त्यात काही चुकते आहे असे वाटले नव्हते.

मी १९७९ मध्ये त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत वसई बदलली. शेते गेली, इमारती आल्या. नव्वदच्या सुमारास ‘हरित वसई’ची चळवळ झाली, ती पुष्कळांना आठवत असेल. त्याच काळात ख्रिस्ती घरांतली मुले एकेक करून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. माझी स्वतःची मुलेही गेली, हे मी लपवत नाही. आमच्या शाळेची पटसंख्या उतरू लागली. मग बाकांवर नवी मुले दिसू लागली. जव्हार-मोखाड्याकडची, खानदेशातली, मराठवाड्यातली. वाड्यांच्या जागी बैठ्या चाळी उठल्या होत्या, तिथे भाड्याने राहणारी. बाप नाक्यावर उभा राहणारा, आई कुणाच्या घरी धुणीभांडी करणारी किंवा पूर्वेकडच्या गाळ्यांत पॅकिंगला जाणारी. २००० सालाच्या पुढेमागे माझ्या वर्गात ख्रिस्ती मुले मोजकीच उरली होती. शाळा चर्चची, बाई ख्रिस्ती आणि मुले बहुतेक हिंदू आणि आदिवासी, असे चित्र झाले.

या पालकांशी गाठ कुठे पडणार? ते क्रुसापाशी येणार नव्हते. मग आम्ही पालकसभा सुरू केली. दर महिन्याच्या एका शनिवारी, सकाळी दहा वाजता. फळ्यावर सुविचार, टेबलावर फुलदाणी. चाळीस घरांतून आठ-नऊ माणसे यायची. त्याआधी एक दिवस मात्र सगळे न चुकता येत, तो म्हणजे तांदळाचा दिवस. नव्वदच्या दशकात सरकारी योजनेतून महिन्याला ३ किलो तांदूळ मुलामागे घरी मिळत असे, हजेरी ८० टक्के असेल तर. त्या दिवशी व्हरांड्यात पिशव्यांची रांग लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर तांदूळ घरी जाणे थांबले आणि शाळेत खिचडी शिजू लागली. मुलांच्या दृष्टीने ते फार चांगले झाले. पण आईबाप दिसायचे बंद झाले. आम्ही शिक्षकखोलीत म्हणायचो, ‘बघा, तांदळापुरते येत होते.’

हे मी मुद्दाम सांगते आहे. असे बोलणाऱ्यांत मी पुढे होते.

२००३ सालची गोष्ट. दुसरीच्या वर्गात जव्हारकडचा एक मुलगा होता. हुशार, पण गृहपाठ नाही, प्रगतिपुस्तकावर सही नाही. आईला तीनदा निरोप पाठवला. शनिवारच्या सभेला ती तिन्ही वेळा आली नाही. सोमवारी सकाळी मी त्याला सगळ्या वर्गादेखत म्हटले, ‘आईला घेऊन ये, मगच वर्गात बस.’ तो बाहेर गेला. मला वाटले, व्हरांड्यात उभा असेल. मी पाढे घ्यायला लागले आणि विसरले.

खिचडीच्या सुट्टीत लक्षात आले. मुले आपापली ताटली घरून आणायची. सगळ्यांच्या ताटल्या बाहेर निघाल्या. त्याची ताटली दप्तरात तशीच, दप्तर बाकावर, आणि मुलगा नाही. व्हरांड्यात नाही, चिंचेखाली नाही, चर्चमध्ये नाही. चाळीत माणूस पाठवला, खोलीला कुलूप. कोणीतरी बावखल म्हणाले आणि माझे हातपाय गळाले. फादर आणि दोन शिक्षक बावखलाकडे धावले. तो अर्धा-पाऊण तास मी कसा काढला, ते आजही नीट सांगता येत नाही. चर्चमध्ये जाऊन गुडघेही टेकता आले नाहीत. मी नुसती फाटकाशी उभी होते.

मुलगा एसटीतून आला. आमच्या आळीतली एक काकी त्याला हाताला धरून घेऊन आली. लाल लुगडे, काखेत रिकामी पाटी. ती रोज पहाटे भाजी घेऊन मुंबईला जायची आणि दुपारी परतायची. त्या दिवशी स्टेशनात उतरली, तर पुलाच्या पायथ्याशी हा एकटा उभा. पुलावरून येणाऱ्या बायकांची तोंडे बघत. त्याची आई रोज त्या पुलावरून पलीकडे गाळ्यात कामाला जाते, एवढे त्याला ठाऊक होते. आईला घेऊन ये म्हटले, म्हणून तो एसटीत बसून आईला आणायला गेला होता. काकीला त्याचे नाव ठाऊक नव्हते, घर ठाऊक नव्हते. तिने गणवेश ओळखला. ‘आपल्या शाळेचे पोर,’ म्हणून घेऊन आली.

मी मुलाला जवळ घेतले, रडले. काकीने ते सगळे होऊ दिले. मग आमच्या बोलीत मला एकच प्रश्न विचारला. त्याचा मराठीत अर्थ असा, ‘तुझी आई कधी आली होती गं शाळेत?’

कधीच आली नव्हती. माझी आई या काकीबरोबरच पहाटेच्या गाडीने भाजी आणि केळीची पाने घेऊन दादरला जायची. चार वर्षांत शाळेची पायरी चढली ती आजी. आणि आईची बाईंशी जी काही भेट होई, ती संध्याकाळी क्रुसापाशी. तिच्या सवडीच्या वेळी, तिच्या घरापासून वीस पावलांवर. आमच्या बाईंनी तिला शनिवारी दहा वाजता बोलावले असते, तर त्यांनीही शिक्षकखोलीत तेच म्हटले असते, जे आम्ही म्हणत होतो.

त्या संध्याकाळी मी फादरांबरोबर चाळीत गेले. मनात ठरवले होते की त्या माऊलीची क्षमा मागायची. ती आठ वाजता आली. झाला प्रकार तिला शेजाऱ्यांनी सांगितला होता. मी तोंड उघडायच्या आत तिनेच हात जोडले. म्हणाली, ‘बाई, चुकी माझी. मला शनिवारचा खाडा परवडत नाही. आन् सही मला येत नाही.’ मला ठरवलेले काहीच बोलता आले नाही. तिने आम्हाला बसायला गोणपाट घातले आणि कोरा चहा दिला. परत येताना फादर फारसे बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘बाई, पुढची सभा इथेच घेऊ या का?’

इथेच म्हणजे चाळीच्या अंगणात. रविवारी संध्याकाळी. त्याला आमच्यातूनच विरोध झाला. एक शिक्षक म्हणाले, ‘रविवार हा आमच्याही घरचा दिवस आहे. आम्ही शिक्षक की समाजसेवक?’ त्यांचे म्हणणे चूक नव्हते. जनगणना आम्ही करायची, निवडणुका आम्ही करायच्या, पोलिओच्या मोहिमेत आम्हीच. त्यात आणखी हे. शेवटी दोन महिन्यांतून एकदा, ज्यांना जमेल त्यांनी यायचे असे ठरले. पहिल्या सभेला आम्ही तीन शिक्षक आणि फादर होतो. पालक अंगणात मावत नव्हते.

आम्ही अभ्यासाविषयी बोलायची तयारी करून गेलो होतो. पहिला प्रश्न आला तो एका म्हाताऱ्या बाबांचा. त्यांनी फादरांकडे बघून सरळ विचारले, ‘आमच्या पोरांना तुम्ही बाटवणार का?’ सगळे एकदम गप्प झाले. मला घाम फुटला. फादर मात्र रागावले नाहीत. त्यांनी सांगितले, की शाळेत ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण असते, त्या वेळी बाकीच्या मुलांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. घटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, आणि कलम नसते तरी बसवले नसते. बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘मग संडासाला कडी का नाही?’

त्यानंतर प्रश्न थांबेनात. मुलींच्या संडासाला कडी नाही. खिचडीत खडे येतात. पावसाळ्यात फाटकापाशी पाणी तुंबते, तिथे पोरे पडतात. बाई शुद्ध मराठीत बोलतात, ते पोराला कळत नाही, त्यामुळे ते घरी येऊन रडते. हे शेवटचे मला उद्देशून होते. आमच्या आजीला शाळेची मराठी पाहुण्यासारखी वाटायची, हे मला त्या क्षणी आठवले.

कडी दुसऱ्या दिवशी बसली. एका मुलाचा बाप गवंडी होता, त्याने फाटकापाशी दोन पायऱ्या चढवून दिल्या. सिमेंट चर्चने दिले, मजुरी त्याने घेतली नाही. खिचडीचे तांदूळ निवडायला दोन आज्या येऊ लागल्या. वयोमानाने कामावर जाणे थांबलेल्या अशा आज्या चाळीत पुष्कळ होत्या, आम्हालाच त्या दिसल्या नव्हत्या. आणि सही शिकायला बायका येऊ लागल्या. त्या मुलाची आई पहिल्या चार-पाच जणींत होती. तिने प्रगतिपुस्तकावर पहिली सही केली तेव्हा वेलांटी उलटी पडली. मुलानेच ती खोडून नीट करायला लावली. फार कडक मास्तर होता तो.

हे सगळे फार यशस्वी झाले असे चित्र मला उभे करायचे नाही. काही घरे कधीच आली नाहीत. दिवाळीनंतर गावी गेलेली काही मुले परत आली नाहीत, ती वीटभट्टीवर गेली. पट थोडा सावरला, पुन्हा घसरला. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात, असे त्यात लिहिले आहे. २०१४ मध्ये अल्पसंख्याकांच्या शाळांना तो कायदा लागू नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तोवर आमच्याकडे समिती झाली होती आणि त्या बाबांची सूनच तिच्यात होती. निकालाच्या कारणाने तिला घरी पाठवावे असे कोणाला सुचले नाही.

फादर एकदा शिक्षकांच्या बैठकीत व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्राबद्दल बोलले होते. आईबाप हे मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक, असे त्यात म्हटले आहे. ते वाक्य मी पूर्वीही पालकसभेत अनेकदा सांगितले होते. शनिवारी, दहा वाजता, रिकाम्या बाकांना. आता माझ्या नातवाच्या शाळेचा व्हॉट्सअॅप गट आहे. दिवसाला तीस-चाळीस निरोप येतात. वही कोणती, बूट कोणते, उद्या पिवळा रंग. सून लोकलमधून उभ्या उभ्या अंगठे दाखवत असते. त्यालाही सहभागच म्हणतात. माझे मत विचाराल, तर त्या गटातल्या बाईंनी एकदा कोणाच्या तरी घरचा कोरा चहा प्यावा.

शेवटी एक नाताळ सांगते आणि थांबते. २००५ किंवा २००६ असेल. शाळेत दरवर्षी येशूजन्माचा गोठा करतात. मातीच्या टेकड्या, उगवलेली नाचणी, वर कागदी तारा. त्या वर्षी चाळीतल्या बायकांनी विचारले, ‘आम्ही करू का?’ त्यांनी कुडाची भिंत केली, शेणाने सारवली, वर गवत शाकारले. आणि भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढली. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी चौक लिहितात, तशी. तारपा वाजवणारा, फेर धरलेली माणसे, मोर. धर्मग्रामातल्या एक-दोघांनी नाके मुरडली, की हे आपल्या गोठ्यात शोभते का. फादर म्हणाले, बेथलेहेमची भिंत कशी होती, ती पाहिलेला कोणी असेल तर त्याने सांगावे.

मग मूर्ती मांडल्या. प्लास्टरच्या, गोऱ्यापान, निळे डोळे. त्या घरात योसेफ पाहुणा आल्यासारखा दिसत होता. तांदूळ निवडणारी एक आजी बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत उभी होती. मरिया गुडघ्यांवर बसलेली, हात जोडलेले, पुढ्यात बाळ. आजी मला म्हणाली, ‘बाई, ही आत्ताच बाळंत झाली ना?’ मी हो म्हटले. ‘मग हिला अशी गुडघ्यावर काय बसवली? हिची बाज कुठं हाय?’

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते, तर मरियेच्या पाठीमागे बांबूच्या काड्यांची, सुतळीने विणलेली वीतभर बाज ठेवलेली होती. वर फडक्याची गोधडी. आणि बाजेखाली, शेक द्यायला असतात तसे, विझलेल्या कोळशाचे दोन तुकडे.